लेकरू देणे वसूल करायला येत नाही



चैत्रातल्या एका सकाळी निफाड तालुक्यातल्या गोदाकाठच्या गावी दशक्रिया विधीला गेलो होतो. गेलेला जीव ९ वर्षांचा होता. त्याचे आजोबा आमच्या दिंडीचे विणेकरी, म्हणून आम्ही पंधरा-वीस माळकरी टाळ घेऊन गेलो. घाटावर पिंड ठेवले, कावळा शिवला आणि नेहमीप्रमाणे प्रवचन सुरू झाले. महाराज विद्वान, आवाज गोड, पाठांतर दांडगे. त्यांनी सांगितले की मूल हे पूर्वजन्मीचे देणेकरी असते, आपण ज्याचे देणे लागतो तो पोटी येतो, देणे फिटेपर्यंत राहतो आणि हिशेब संपला की उठून जातो. म्हणून जाणत्याने शोक करू नये, खाते बंद झाले याचे समाधान मानावे. मंडळींनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

घरी निघताना मुलाच्या आईला भेटायला ओसरीत गेलो. ती भिंतीला टेकून बसली होती. मला पाहून पदर सावरला आणि म्हणाली, "बाबा, महाराज म्हणाले तो देणं घ्यायला आला होता. मी आठवून आठवून बघते. काय घेतलं हो त्यानं? दोन साली एक दप्तर, अन् भाकरी केली तर अर्धी बहिणीला द्यायचा. अजून कितीतरी द्यायचं राहिलं होतं माझं. मग गेला कसा?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. पन्नास वर्षे पंढरीची वाट चाललेला, हरिपाठ तोंडपाठ असलेला मी, त्या बाईसमोर उभा राहून नुसते "विठ्ठल विठ्ठल" म्हणालो आणि निघालो. हा लेख त्या गप्प राहण्याचे प्रायश्चित्त आहे. जे तिथे बोलायला हवे होते ते आता बोलतो. कुणा एका महाराजांवर राग नाही, कारण हे एकाचे बोल नाहीत. गावोगावच्या दशक्रियेत ते ऐकू येतात आणि मीही तरुणपणी कीर्तनात हाच दाखला दोन वेळा दिलेला आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की हे बोलणे खोटे आहे, निष्ठुर आहे आणि वारकऱ्याच्या तोंडी तर मुळीच शोभत नाही.

आमच्यापैकी काही जण लगेच गोरोबाकाकांचे नाव काढतील. तेरच्या गोरोबाकाकांनी नामाच्या तंद्रीत चिखल तुडवताना स्वतःचे रांगते मूल पायाखाली घेतले आणि तरी त्यांचे भजन भंगले नाही, मग तुम्हाला एवढा शोक कशाला, असे ते म्हणतात. माउली, ही कथा आपण अर्धीच सांगतो. पुढे काय होते? आई पाणी घेऊन परत येते, मूल दिसत नाही, चिखल लाल दिसतो आणि ती आकांत करते. तिच्या आकांताला कुठल्याही संतचरित्रकाराने अज्ञान म्हटलेले नाही. तिचा राग खरा, तिचा प्रश्न खरा. आणि शेवट? पंढरीला नामदेवरायांच्या कीर्तनात गोरोबांचे तुटलेले हात परत येतात आणि ते मूल रांगत आईकडे येते. देवाने लेकरू परत दिले! मूल गेले ही क्षुल्लक गोष्ट असती तर पांडुरंगाला ते परत देण्याची गरज काय पडली होती? परंपरेने ही कथा ज्या रीतीने पुरी केली त्यातच तिचा निवाडा आहे. भक्ताच्या हातून गेलेल्या लेकराचे ऋण देवाने स्वतःच्या माथी घेतले. त्या आईला "तुझे खाते बंद झाले" असे देव म्हणाला नाही. जे देवाने म्हटले नाही ते आपण त्याच्या नावाने का म्हणावे?

दुसरी गोष्ट आपल्या नाशिककरांच्या अंगणातली आहे. त्र्यंबकेश्वरी ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी निवृत्तीनाथ महाराजांची समाधी आहे. पौष वद्य एकादशीला आपण लाखोंनी तिथे जातो. पण निवृत्तीनाथ कोण होते हे त्या गर्दीत आठवते का? आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले तेव्हा मागे राहिलेल्या चार पोरांतला सगळ्यात मोठा पोरगा. धाकट्या तिघांचा भाऊ, बाप आणि गुरूही तोच. १२९६ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत ज्ञानोबारायांनी समाधी घेतली, वय एकवीस. महिन्याने सासवडला सोपानदेव गेले. पुढच्या वैशाखात तापीकाठी विजेच्या कडकडाटात मुक्ताई दिसेनाशी झाली, वय अठरा. कार्तिक ते वैशाख, सहा महिन्यांत तिन्ही धाकटी गेली. जी पोरे मांडीवर वाढवली ती डोळ्यांदेखत गेली. मग हा एकटा मोठा भाऊ त्र्यंबकला आला आणि १२९७ च्या ज्येष्ठात तोही गेला.

हे निवृत्तीनाथ गहिनीनाथांचे शिष्य. योग त्यांना ठाऊक होता, अद्वैत त्यांनीच ज्ञानोबारायांना दिले. आत्मा जन्मत नाही, मरत नाही, हे आपल्याला ज्यांच्यामुळे कळले ते हे. आणि नामदेवरायांनी समाधीच्या अभंगांत काय लिहून ठेवले आहे? समाधीच्या वेळी निवृत्तीनाथांचा धीर सुटला, ते रडले, सभोवतीच्या संतांना त्यांना सावरावे लागले. नामदेवराय हे लपवू शकत होते. गुरूंचे गुरू रडले असे लिहिल्याने थोरवी कमी होईल असे त्यांना वाटले असते तर त्यांनी ते गाळले असते. त्यांनी ते सविस्तर लिहिले आणि आपण सातशे वर्षे ते गातो आहोत. ज्या संप्रदायाच्या मुळाशी असे रडणे आहे, त्या संप्रदायाचा माळकरी दशक्रियेला उभा राहून एका आईला "रडू नको, अज्ञान आहे" असे कोणत्या अधिकाराने सांगतो?

कुणी म्हणेल, हे संतांचे झाले, पण गीता तर शोक करू नको असेच सांगते. सांगते ना. पण कुणाला आणि कधी, हे पाहा. रणात धनुष्य टाकून बसलेल्या, कर्तव्य सोडू पाहणाऱ्या योद्ध्याला ते सांगितले. तोच अर्जुन युद्धाच्या तेराव्या दिवशी संध्याकाळी शिबिरात परतला आणि अभिमन्यू दिसेना, तेव्हा काय झाले? गीता साक्षात भगवंताच्या मुखातून ऐकलेला अर्जुन पोराच्या आठवणी काढून विलाप करू लागला. त्याचे बोलणे, त्याचे वागणे, वडीलधाऱ्यांशी असलेली त्याची नम्रता, एकेक आठवून तो रडला. भगवंत शेजारीच होते. त्यांनी अर्जुनाला धीर दिला, वीराची गती सांगितली आणि मग सुभद्रेचे सांत्वन करायला तिच्याकडे गेले. "अर्जुना, अठरा अध्याय फुकट गेले" असे ते म्हणाले नाहीत. "अभिमन्यू तुझे देणे वसूल करून गेला" असेही म्हणाले नाहीत. गीतेचा अर्थ श्रीकृष्णापेक्षा आपल्याला जास्त कळतो काय?

आता कर्माचा मुद्दा. वारकरी प्रारब्ध मानतो, मीही मानतो. पण प्रारब्ध हे स्वतःचे ओझे उचलण्यासाठी घ्यायचे खांदेपट आहे, दुसऱ्याच्या पाठीत घालायची काठी नव्हे. तुकोबारायांकडे पाहा. १६३० च्या सुमाराच्या मोठ्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, परंपरा सांगते की लहानगा संतूही गेला. पुढे तुकोबा म्हणाले की बरे झाले, या दुःखाने मला देवाकडे वळवले. पण ते हे स्वतःच्या घराबद्दल म्हणाले. शेजारच्या घरात पोर गेले तेव्हा त्या ओसरीवर जाऊन "बरे झाले" म्हणणारे तुकोबा कुणी ऐकले आहेत का? स्वतःच्या दुःखाविषयी बोलले तर ते वैराग्य होते. तेच शब्द दुसऱ्याच्या दुःखाविषयी बोलले की निर्दयपणा होतो. शब्द तेच राहतात, बोलणाऱ्याचे ठिकाण बदलते आणि सगळे बदलून जाते.

शिवाय या हिशेबाच्या गोष्टीला पुढे आणखी फाटे फुटतात. देणे-घेणे एकदा मान्य केले की दोष आला, दोष आला की विधी आला, विधी आला की खर्च आला. त्या घरीही दशक्रियेनंतर कुणीतरी सांगून गेले की तुमच्या कुळाला पितरांचा दोष आहे, तीन दिवसांचा विधी करा, नाहीतर दुसऱ्या लेकरावर बेतेल. द्राक्षाच्या बागेवर आधीच कर्ज होते. तरी बापाने उसने काढून विधी केला. मी विधीची टवाळी करत नाही. ज्याला पितरांची आठवण म्हणून श्रद्धेने काही करायचे आहे त्याने करावे. पण मुलगी मरेल या धाकाने करून घेतलेले कर्म हे धर्मकार्य नव्हे. नामाला भय लागत नाही आणि भयाने घेतलेले ते नाम नव्हे, एवढे तरी आपण शिकलो आहोत.

आणि खरेच जर पूर्वजांच्या दोषाने लेकरे जात असतील तर एका प्रश्नाचे उत्तर द्या. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ पहिला वाढदिवस पाहत नव्हती. २०२० साली हा आकडा २८ वर आला, महाराष्ट्रात १६ वर. या पन्नास वर्षांत काय आपल्या सगळ्यांच्या पूर्वजांची पापे एकदम धुतली गेली? तसे काही झाले नाही. लसी आल्या, गोवर आणि घटसर्प हटले. हगवणीत मीठ-साखरेचे पाणी पाजायचे हे घरोघरी कळले. १९७१ सालीच बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी या साध्या पाण्याने पटकीच्या साथीत हजारो जीव वाचवून दाखवले. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले आणि त्या गावांतले नवजातांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. त्या बायका बाळाला ऊब देत, त्याचे श्वास मोजत, वेळेवर औषध देत. त्यांनी कुणाची कुंडली पाहिली नाही. ज्या बाळांचे "देणे फिटले" असे आपण म्हणालो असतो, ती बाळे आज शाळेत जाऊन बाप झाली आहेत.

म्हणजे हिशेबाचे हे बोलणे नुसते दुखावत नाही, ते खरे कारण झाकून टाकते. त्या दशक्रियेला परत या. तो ९ वर्षांचा मुलगा कशाने गेला? शेततळ्यात बुडून. आपल्या निफाड-दिंडोरी-चांदवडकडे बागांना पाणी पुरावे म्हणून शेततळी झाली, आत प्लास्टिकचा कागद अंथरला. कागद ओला आणि शेवाळलेला असला की माणूस उभा राहू शकत नाही, काठ पोहोचूनही हात निसटतो. पोहता येणारा मोठा माणूसही बाहेर येत नाही, तिथे लेकरू काय करील? त्या तळ्याला कुंपण नव्हते. आत सोडलेली दोरी नव्हती. घाटावर तासभर प्रवचन झाले, पूर्वजन्म निघाला, चौऱ्यांशी लक्ष योनी निघाल्या, पण शंभर पावलांवरच्या या जन्मातल्या तळ्याचे नाव कुणी काढले नाही. मीही नाही. त्या श्रोत्यांत निदान वीस शेततळ्यांचे मालक बसले असतील. त्या दिवशी त्यांचे मन मेणासारखे मऊ झाले होते. "आज घरी जाऊन तळ्याला जाळी मारा, आत गाठी मारलेली दोरी आणि हवा भरलेली ट्यूब सोडा, तीच या लेकराला पिंड आहे" एवढे एक वाक्य जरी कुणी बोलले असते, तर आणखी एखाद्या घरचा दिवा राहिला असता. देणे जर कुणी कुणाचे लागत असेल तर आपण मोठी माणसे त्या लेकराचे लागतो. उलटे नाही.

आणखी एक बाजू आहे, तिच्याविषयी तर आपण बोलतच नाही. धर्मशास्त्रात दोन वर्षांच्या आतल्या बाळाला अग्नी नाही, उदकदान नाही. त्याला पुरतात. त्याचे श्राद्ध नाही, वर्षश्राद्ध नाही. शास्त्रकारांनी बाळाला विधीच्या ओझ्यातून मोकळे ठेवले, ते निष्पाप आहे म्हणून. आपण त्याचा अर्थ असा केला की त्याचा शोकच नाही. "लहान होतं, दुसरं होईल" असे म्हणून तिसऱ्या दिवशी बाईला कामाला लावले. तिच्या बाळाचे नाव कुणी घेत नाही, कितींना तर नावही ठेवलेले नसते. माझ्या आईची अशी दोन गेली होती. मी पन्नाशीचा झाल्यावर एकदा जात्याशेजारी बसून ती म्हणाली, "तुझ्या आधीचा असता तर आता आजोबा झाला असता." तोवर मला कुणी सांगितलेही नव्हते की माझ्या आधी कुणी होता. आईने अर्धे शतक ते वय मोजले होते, मनातल्या मनात, एकटीने. विधी हलका म्हणून दुःख हलके नसते.

मग करावे काय? आपल्याकडे उत्तर आहे आणि ते दूर शोधायला नको. मुक्ताईला आपण कशी आठवतो ते पाहा. ती अठराव्या वर्षी गेली, पण तिचे नाव निघाल्यावर आपण वीज कशी पडली याचे वर्णन करीत बसतो का? आपण सांगतो की तिला मांडे करायचे होते, खापर मिळेना, तेव्हा ज्ञानोबांनी पाठ तापवली आणि तिने पाठीवर मांडे भाजले. सांगतो की भाऊ रुसून ताटी लावून बसला तेव्हा या चिमुरडीने त्याला समजावून बाहेर आणले. सांगतो की चौदाशे वर्षांच्या चांगदेवाने या पोरीला गुरू केले. तिचे जगणे आपण आठवतो. तिच्या आयुष्याचा हिशेब मांडत नाही, तिची गोष्ट सांगतो. म्हणून ती सातशे वर्षे जिवंत आहे. दर ज्येष्ठात मुक्ताईनगरहून तिची पालखी निघते, त्र्यंबकहून थोरल्या दादाची, आळंदीहून ज्ञानोबांची, सासवडहून सोपानकाकांची. चालत चालत ही चार भावंडे आषाढीच्या आधी वाखरीला एका ठिकाणी येतात. सहा महिन्यांत विखुरलेले घर आपण दरवर्षी पुन्हा भरवतो. वारी म्हणजे लवकर गेलेल्या लेकरांना न विसरण्याचा सोहळाच आहे. तिला मोह म्हणायची कुणाची छाती आहे?

गेल्या पौषात मी मनाशी ठरवून त्या घरी गेलो. आईला म्हटले, "बाई, मागच्या वेळी मी काही बोललो नाही, चुकलो. आज मला पोराविषयी सांग." ती आधी दचकली. घरात त्याचे नाव काढायचे नाही असे सासऱ्यांनीच ठरवले होते, तिला त्रास नको म्हणून. मग ती बोलू लागली. तो हरिपाठात एक ओळ नेहमी चुकीची म्हणायचा आणि चूक दाखवली की आणखी मोठ्याने म्हणायचा. शेळीच्या करडाचे नाव त्याने "चोपदार" ठेवले होते, कारण ते सगळ्यांच्या पुढे पळायचे. आदल्या वर्षी आजोबांबरोबर तीन दिवस चालत त्र्यंबकला आला, पायाला फोड आले, पण आजोबांनी खांद्यावर घेऊ म्हटले तर "मी काय लहान आहे?" म्हणाला. हे ऐकताना विणेकरी आजोबा दारात येऊन उभे राहिले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या घरातली माणसे एका ठिकाणी बसून रडली, आणि मधूनच करडाच्या गोष्टीला हसलीही.

काही जण म्हणतील, अशाने जखम ओली राहते. राहते कधीकधी, हे मी नाकारत नाही. एखादी माउली वर्षानुवर्षे जेवत नाही, झोपत नाही, तिला दवाखान्यातही न्यावे लागते आणि न्यावे. पण आठवण काढल्याने कुणी वेडे होत नाही. आठवण एकटीने काढावी लागली तर होते. मोह म्हणतो, तो परत दे, नाहीतर मी काही मानणार नाही. स्मरण म्हणते, तो होता, असा होता, देवा तूही बघ. नाम म्हणजे तरी स्मरणावाचून दुसरे काय आहे?

म्हणून कीर्तनकार, प्रवचनकार बंधूंना हात जोडून विनंती आहे. लहान लेकराच्या दशक्रियेला उभे राहाल तेव्हा आधी त्याचे नाव विचारा आणि ते नाव घेऊन बोला. त्याच्या दोन गोष्टी घरच्यांकडून ऐकून सांगा. देण्याघेण्याचा दाखला पोथीत ठेवा. आईला रडू द्या, निवृत्तीनाथांनाही रडावे लागले असे तिला सांगा. आणि मूल ज्या कारणाने गेले ते कारण गावासमोर स्पष्ट बोला, मग ते शेततळे असो, साप असो, न दिलेली लस असो की उशिरा मिळालेली गाडी असो. हे बोलायला धीर लागतो, पण त्यासाठीच तर गळ्यात माळ आहे.

त्या गावातल्या आमच्या दिंडीच्या बायकांनी मागच्या उन्हाळ्यात अकरा शेततळ्यांना दोरी आणि ट्यूब बांधल्या. पैसे वर्गणीने जमले. पहिली दोरी त्या आईने बांधली, त्याच तळ्याला. येत्या पौषवारीला ती आमच्याबरोबर त्र्यंबकला येते आहे. पोराचे छोटे टाळ तिने पिशवीत घेऊन ठेवले आहेत. थोरल्या दादांच्या समाधीपुढे ती ते वाजवणार आहे. तेव्हा तिला "आता विसर" असे कुणी म्हणू नका. जमले तर तिच्या पोराचे नाव विचारा.

राम कृष्ण हरि.